धनराजच्या सायकलवर

माझा डावा पाय आमच्या घरात सगळ्यांचा होता, उजवा तेवढा माझा. डाव्या पायाबद्दल कुणीही बोलावे, कुणीही त्याला हात लावून पाहावा. शेजारच्या बाया आईशी बोलता बोलता माझ्या पोटरीवर दोन बोटे टेकवत आणि म्हणत, "थोडं मास चढलं वाटते वं." आई म्हणे, "कायचं चढते बाई." पोलिओने तो पाय मी चालायला शिकलो तेवढ्यातच वाळवला होता. रोज संध्याकाळी आई चुलीपुढे पोतं अंथरी, मला त्यावर बसवी आणि जवसाचे तेल कोमट करून चोळू लागे. जवसाच्या तेलाला एक कडवट, जुनाट वास असतो. तो माझ्या पायजम्यांना, अंथरुणाला, शाळेच्या दप्तरालासुद्धा येई, आणि वर्गातली पोरे मला पाहिले की नाक धरीत. आता ते तेल कुणी वापरत नाही. मागच्या हिवाळ्यात एका दुकानात घाण्यावरच्या जवस तेलाची बाटली दिसली म्हणून घेतली, घरी आणून झाकण उघडले आणि म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही इतका रडलो. ते का, हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहितो आहे.

आमचे घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला. दोन खोल्या आमच्या, मागे अंगण, आणि अंगणापलीकडे एक खोली भाड्याने द्यायची. बाबा गिरणीत होते. मी शाळेत असतानाच ते गेले, पण गिरणीचा भोंगा वाजला की आई कितीतरी वर्षे हातातले काम थांबवून दाराकडे पाही. पुढे ती लग्नाकार्यात लांब रोट्या करायला जाऊ लागली. पालथ्या मडक्यावर भाजतात ती आमच्याकडची रोटी. पीठ पातळ भिजवायचे, आपटून आपटून त्याला तार आणायची, आणि कोपरापर्यंत हातावर पसरवत न्यायची. आईने हात उचलला की ते पांढरे पीठ पदरासारखे झुले. त्या पीठ आपटण्याचा धप् धप् आवाज आमच्या अंगणात सकाळपासून चाले. भिवापूरला दिलेली माझी बहीण दर उन्हाळ्यात मिरच्यांचे पोते पाठवी, त्या तिखटाची मटणाची तर्री आणि आईची रोटी पुढ्यात आली की मीसुद्धा माझ्या पायाला विसरत असे. आणि संध्याकाळी विहारातून वंदनेचे सूर आले की आई पदर सावरून बसे.

मोठा झालो तसा पायाला कॅलिपर बसला. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट, आणि गुडघ्याशी एक कडी. उभे राहताना ती कडी खाली सरकून खट् असा आवाज करी, मग पाय काठीसारखा ताठ. बसायचे तर कडी हाताने वर ओढावी लागे. सीताबर्डीवर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मला काम मिळाले, कारण ते बसून करायचे होते. दिवसभर रेडिओची पोटे उघडून तारा जोडायच्या आणि गाणी ऐकायची. काम मला आवडे. जाणे-येणे मात्र जीव खाई. बसच्या पायरीवर मी चढेपर्यंत कंडक्टर घंटी मारून मोकळा होई.

माझ्या लग्नाचे घरात कुणी काढत नसे, आणि मला त्याचे वाईट वाटत नसे. मला मुलींविषयी कधी काही वाटले नाही. मुलांविषयी वाटे, आणि हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होते. त्याला काय म्हणतात ते मात्र माहीत नव्हते. शिव्या तेवढ्या माहीत होत्या. धडधाकट पोराच्या नजरेवर चार लोकांची नजर असते. तो कुणाकडे पाहतो, कुणाच्या खांद्यावर हात टाकतो, हे कुणीतरी टिपत असते. माझ्यावर तसा पहारा नव्हता. लंगड्याच्या मनात असे काही असेल असे कुणाला वाटतच नव्हते. मी जणू सगळ्या वस्तीचा सहा महिन्यांचा मुलगा होतो.

आमच्यासारखी माणसे संध्याकाळी तलावाकाठच्या एका बागेत भेटतात, हे मला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या आडून आडून बोलण्यावरून कळले होते. धीर करकरून एक दिवस गेलो. दिवस मावळायचा होता, बाकांवर माणसे विखरून बसली होती. मीही एका बाकावर पाय लांब करून बसलो, वर शाल घेतली. थोड्या वेळाने पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस येऊन बसला. चांगला चेहरा, माझ्याहून थोडा मोठा. हवापाण्याचे बोललो. रेडिओवरच्या गाण्यांचे बोललो. मग तो म्हणाला, "चलो, थोडा टहलते हैं." मी उठलो, शाल खाली घसरली आणि कडी बसली. खट्. त्याने पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्याचा चेहराच बदलला. त्यात किळस नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यात दया होती. त्याने खिशातून चार आणे काढले, माझ्या तळहातावर ठेवले, मूठ मिटवली आणि "संभल के जाना भाई" म्हणून निघून गेला. किळस आली असती तर मी त्याला शिवी तरी दिली असती.

आता नागपुरातही आमच्या लोकांची मिरवणूक निघते, रंगीत झेंडे घेऊन. एका वर्षी मीही गेलो होतो. पोरे फार गोड. मला कुणी सावलीत खुर्ची आणून दिली, कुणी पाणी दिले, एकाने गळ्यात माळ घातली, आणि मग सगळी नाचत पुढे निघून गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. आंब्याच्या झाडाखाली देव बसवावा तसा. त्यांना दोष देत नाही. पण मला त्या दिवशी हातातले चार आणे आठवले.

तर त्या बागेनंतरच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीत धनराज राहायला आला. खापा गावचा. बाप कोष्ट्याच्या मागावर विणायचा, हा शिकून रेल्वेच्या वर्कशॉपात लागला होता. उंच, सावळा, दात थोडे पुढे, आणि हसताना ते हाताने झाकायची सवय. पहिल्याच आठवड्यात मला बसस्टॉपवर ताटकळलेला पाहून त्याने सायकल थांबवली.

"बर्डीवर जातं का गा? बस मांगं."

"मले मांगं बसता नाही येत," मी म्हणालो. "पाय ताठ आहे."

तो खाली उतरला, पायाकडे नीट पाहिले, जसे मेकॅनिकने इंजिनाकडे पाहावे. "हे कडी कायची आहे? वर होते का?" मी दाखवले. त्याने कडी ओढली, गुडघा दुमडला, मला काखेत धरून कॅरिअरवर बसवले आणि बुटाखाली टेकायला दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातून एक लोखंडी पट्टी ठोकून आणली. त्याचे वर्कशॉप आमच्या घरापासून जवळ, बर्डी लांब. तरी रोज सकाळी तो मला दुकानात सोडून उलटा कामावर जाई, आणि संध्याकाळी परत न्यायला येई. चढावर तो उभा राहून पायडल मारी, तेव्हा मी त्याच्या कमरेला धरत असे. भर रस्त्यात, शेकडो लोकांच्या देखत. ताकाला जाऊन भांडे लपवायची वेळच आमच्यावर आली नाही. लोक आमच्याकडे पाहून हळहळत आणि धनराजला आशीर्वाद देत.

आईच्या मनगटात पुढे रोट्या थापून थापून दुखणे बसले. तिनेच एक दिवस तेलाची वाटी धनराजच्या हातात दिली. "तूच चोळून दे बाप्पा याच्या पायाले. तुह्या हातात जोर आहे." अशी आमची सुरुवात माझ्या आईने करून दिली. चुलीपुढे, दार उघडे ठेवून. तो पहिल्यांदा पोटरीला हात लावताना म्हणाला, "दुखलं तं सांगजो." दुखत नव्हते. त्या पायाला लहानपणापासून किती हात लागले होते, पण तो पाय माझा आहे आणि त्याला हात लावताना मला विचारावे, हे सुचलेला तो पहिला माणूस. मी त्याच्याकडे पाहिले, त्यानेही नजर काढून घेतली नाही. मग पुढे जे व्हायचे ते त्याच्या खोलीत झाले. आई अंगणात पीठ आपटत असायची आणि आम्ही आत असायचो, आणि तिला वाटायचे तेल चोळणे चालले आहे. ती वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे होती. हे लिहिताना मला आता लाज वाटत नाही.

एकदा तो मला त्याच्या गावी घेऊन गेला. कन्हान नदीच्या रेतीत माझा बूट रुतायला लागला, तर त्याने मला पाठुंगळी घेतले आणि पाण्यापर्यंत नेले. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो, कॅलिपर काढून. दोन्ही पाय पाण्याखाली सारखेच दिसत होते. काठावर त्याची मावशी धुणे धूत होती. तिने आमच्याकडे पाहून दुसऱ्या बाईला म्हटले, "पाह्य वं, पाह्य. आमचा धनराज पुण्य करून राहिला." धनराज हसला आणि त्याने दात झाकले. मीही हसलो, पण मला ते वाक्य गोड लागले नाही. रात्रंदिवस एकच शंका मला कुरतडत असे, की हा माझ्यावर प्रेम करतो की पुण्य? विचारायची हिंमत नव्हती.

मग काटोलचे गुरुजी आले. तिथल्या शाळेत शिकवत, समाजकार्यात पुढे असत, मुलगी मॅट्रिक झालेली. धनराजच्या घरच्यांनी स्थळ सुचवले होते आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुलगा पाहायच्या आधी त्याची चौकशी करायला ते आणि त्यांचे धाकटे भाऊ बसने येऊन आमच्या दारात उभे राहिले. घरमालकाला सगळे ठाऊक असते, म्हणून सोयरीक ठरवणारे आधी घरमालकाकडे येतात. बरोबर संत्र्यांची पिशवी. धनराज कामावर होता. आईने चहा केला, मग राहवेना म्हणून रोट्या केल्या. गुरुजींनी जेवता जेवता विचारले, "बाई, मुलगा पितो-बितो का? लपवू नका. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"दारू?" आई चुलीपासून उठलीच. "अवो गुरुजी, त्याले वेळ कुठं आहे? सकाळ-संध्याकाळ माह्या या पोराले सायकलवर नेते-आनते. सख्खा भाऊ नाही करत इतकं. पायाले तेल लावून देते. पोटच्या पोरासारखं पाह्यते याले. असा मानूस दिवा घेऊन शोधा, नाही भेटनार."

गुरुजींनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. "तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखणार?"

आता वाटते, माणसाला असे कोंडीत पकडायला देवसुद्धा इतका बारकाईने बसला नसेल. आणि देव तर आमच्या घरात कधीच नव्हता. मी म्हणालो, "त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही." त्यात एक अक्षर खोटे नव्हते. गुरुजींचे डोळे भरून आले. ते भावाला म्हणाले, "जो परक्या अपंगाला इतकं जपतो, तो आपल्या लेकीला फुलासारखी ठेवेल." पाहणीच्या आधीच त्यांनी मनात सोयरीक पक्की केली. दोन्ही पायांनी धडधाकट मित्र असता, तर धनराजविषयी त्यांनी अजून दहा घरी विचारले असते.

त्या संध्याकाळी धनराज त्याच्या खोलीत वाटी घेऊन बसला, तेव्हा मी पाय ओढून घेतला.

"तू नाही म्हन," मी म्हणालो.

"काहून म्हनू? काय कारन सांगू माह्या बापाले?" तो खाली पाहून बोलत होता. "घरी दोन बहिनी आहेत लग्नाच्या. माहं झाल्याशिवाय त्यायचं होत नाही."

मग माझ्या तोंडून ते निघालेच. "एक सांग. माहे दोन्ही पाय चांगले असते, तं तू आला असता का माह्याजवळ?"

त्याने तेलाची वाटी खाली ठेवली. आई अंगणात भांडी घासत होती. मग तो म्हणाला, "पागल झाला का गा? दोन्ही पाय चांगले असते, तं तुह्या मायनं मले रोज या खोलीत दार लावून बसू देल्लं असतं का? लोकायनं आपल्याले एका सायकलवर असं फिरू देल्लं असतं? या पायानंच तं आपल्याले इतके वर्सं देल्ले."

मला राग आला, भयंकर राग, कारण मी विचारले होते एक आणि त्याने उत्तर दिले होते दुसऱ्याचे. आणि ते उत्तर खरे होते. मी रडायला लागलो. त्याने माझा पाय परत मांडीवर घेतला आणि चोळत राहिला. "मी कुठं जाऊन राहिलो?" तो म्हणाला. "याच खोलीत राहीन. बायको येईन आन् राहीन. सायकल काही बंद नाही होनार. तुले सोडाले मी रोज येईन. इतकं तं आपलं राहीनच नं." मी त्याला शपथ घ्यायला लावली. लग्न, संसार, पोरे, सगळे त्या बाईचे. सकाळ-संध्याकाळचा बर्डीचा रस्ता तेवढा माझा. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, मी तर पापणीवर समाधान मानले होते. लग्नाचे दिवस जवळ आले तसा मी त्या रस्त्यावरच जगत होतो. खोलीत तो फारसा नसेच, पण सायकलवर बसलो की त्याची पाठ माझ्यासमोर असायची आणि मला वाटायचे, निभेल.

गुरुजींना थाटमाट नको होता. त्यांनी आमच्याच वस्तीतल्या विहारात लग्न लावायचे ठरवले. काटोलची मंडळी दुपारच्या बसने आली. पांढऱ्या लुगड्यातली ती मुलगी ठेंगणी, घाबरलेली आणि फार गोड चेहऱ्याची होती. तिचा राग करायचे मी ठरवून गेलो होतो, ते मला जमले नाही. त्रिशरण झाले, पंचशील झाले, हार घातले. सगळ्यांच्या रोट्या आईनेच केल्या होत्या, दुखऱ्या हातांनी. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर, कारण कॅलिपर घालून मला जमिनीवर बसता येत नसे. सगळे आटोपत आले तेव्हा गुरुजी उभे राहिले. भाषणाची त्यांना सवय होती.

"मंडळी," ते म्हणाले, "आमच्या जावयांनी एका अपंग बंधूची किती वर्षं सेवा केली, हे तुम्ही रोज पाहता. हेच ते बंधू." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "आता जावईबापू संसारी झाले. त्यांच्यावर किती दिवस भार टाकायचा? आणि या स्वाभिमानी तरुणाने तरी दुसऱ्याच्या पाठीमागे किती दिवस बसायचं? म्हणून आम्ही काटोलच्या मंडळींनी मिळून एक छोटी भेट आणली आहे."

दोन माणसांनी ती विहाराच्या दारातून आत ढकलत आणली. संत्र्याच्या ट्रकमधून पेट्यांमध्ये ठेवून आणलेली, हाताने फिरवायच्या पायडलची, नवी कोरी, हिरवी तीनचाकी सायकल. हँडलला झेंडूचा हार. बायका "अगं बाई" म्हणाल्या. कुणीतरी मला उठवले, कुणीतरी कॅलिपरची कडी ओढायचा प्रयत्न केला आणि ती उलट्या बाजूने ओढली. मी स्वतः ओढली. मला त्यात बसवले. गुरुजी म्हणाले, "एक चक्कर मारून दाखवा." मी धनराजकडे पाहिले. तो गळ्यात हार घालून उभा होता, बायकोच्या शेजारी. त्याला हे आधी ठाऊक नव्हते, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखले. एवढे मला त्याच्याबद्दल आजही खात्रीने सांगता येईल. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्याने काहीतरी म्हणावे. गुरुजी, राहू द्या, मी नेत जाईन, एवढेच म्हणावे. माणसे त्यालाही थोरपणच समजली असती.

गुरुजींनी हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय जावईबापू, बरोबर केलं ना आम्ही?"

"हो जी," धनराज म्हणाला.

मी पायडल फिरवले. गाडी हलली आणि सगळा विहार टाळ्या वाजवू लागला. वळण घेऊन त्याच्यासमोर आलो तेव्हा तोही वाजवत होता. डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी, आणि हात टाळ्या वाजवत होते. पुढे सहा महिन्यांत त्याला रेल्वेचे क्वार्टर मिळाले. आता तो या जगात नाही, आणि त्याच्या बायकोने मला शेवटपर्यंत भाऊबीजेला बोलावले. पण माझ्या मनातला धनराज त्या टाळ्यांपाशी थांबला आहे.

मी तीनचाकीतूनच घरी निघालो. ऊन कलले होते. रस्त्यातली माणसे बाजूला होऊन वाट देत होती, पोरे मागे धावत होती. आई रोट्यांची रिकामी परात डोक्यावर घेऊन माझ्या शेजारून चालत होती. बाबा गेल्यापासून तिला इतकी आनंदात मी पाहिली नव्हती. चालता चालता ती गाडीच्या हँडलवरून हात फिरवी, आणि एकदा थांबून तिने पदराने माझा चेहरा पुसला. तिला वाटले, घाम आहे.

"चांगलं झालं बाप्पा," ती म्हणाली. "आता तुले कोनाचीच गरज नाही."

मी हाताने पायडल फिरवत राहिलो.